निर्दोष सुटलो, पण गुगलवर अजून जामीन नाकारलेलाच आहे : निकालातून नाव काढण्याची मागणी रास्त आहे का?

वारणाकाठ

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न अर्धा कायद्याचा आणि अर्धा नीतीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१३ साली मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिक होतो. संस्था बुडाली. लेखापरीक्षण अहवालात अपहार निघाला आणि संचालक मंडळाबरोबर आम्हा चार कर्मचाऱ्यांवरही भारतीय दंड संहितेच्या ४०६, ४०९ व ४२० या विश्वासघात आणि फसवणुकीच्या कलमांखाली, तसेच ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी केलेल्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने माझा अटकपूर्व जामिनाचा अर्ज फेटाळला, मी सत्तेचाळीस दिवस आत राहिलो, आणि २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने आम्हा चौघांची निर्दोष मुक्तता केली. सरकारने अपील केले नाही. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले होते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागातल्या जागेसाठी शेवटची मुलाखत होती. समोरच्या बाईंनी काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझे नाव आणि तालुक्याचे नाव टाकल्यावर सर्वांत वर जे येते ते म्हणजे निकाल फुकट वाचायला देणाऱ्या एका संकेतस्थळावरचा २०१४ चा तीन पानी इंग्रजी आदेश, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, अर्जदाराचा सहभाग प्रथमदर्शनी दिसतो, अशा अर्थाची ओळ. मी सांगितले की मी सुटलो आहे. त्या म्हणाल्या, मग ते इथे का दिसत नाही?

ते दिसत नाही याचे कारण मला नंतर कळले. मुक्ततेचा निकाल एकशे बारा पानांचा आहे, मराठीत आहे, स्कॅन केलेला आहे आणि जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे पोहोचायचे तर प्रत्येक खटल्याला मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक माहीत हवा आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरता यायला हवीत. गुगलला यातले काहीच जमत नाही. थोडक्यात, ज्या तीन पानांत मी दोषी वाटतो ती जगाला दिसतात आणि ज्या एकशे बारा पानांत मी निर्दोष ठरलो ती कोणालाच दिसत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अप्रामाणिकपणा होईल. माझा बचाव ज्या निकालावर उभा राहिला तो नागपूर खंडपीठाचा, अशाच एका पतसंस्थेतल्या लिपिकाचा होता. केवळ व्हाउचरवर सही आहे म्हणून कर्मचाऱ्याकडे मालमत्ता सोपवली होती असे धरता येत नाही, असे त्यात म्हटले होते. तो निकाल माझ्या वकिलांना त्याच संकेतस्थळावर सापडला. त्या लिपिकाचे नाव मला आजही पाठ आहे. त्याने त्या वेळी आपले नाव काढून घेण्याचा आग्रह धरून निकालच उतरवायला लावला असता, तर मी कदाचित सुटलोही नसतो.

म्हणून विचारतो : माझे नाव काढून मागता येते का, आणि येत असेल तर ते मागावे का?

निशाणी पाच

सातारा व कोल्हापूर येथे वकिली करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर : मागता येते, मिळेलच असे मात्र आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

मुळात आपल्याकडे न्यायालय खुले असणे हा नियम आणि बंद असणे हा अपवाद. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब मध्ये आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये हे लिहिलेले आहे, आणि आता ते तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आले आहे. यावरचा सर्वांत मोठा खटला आपल्याच मुंबईचा. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू असताना एका साक्षीदाराने तक्रार केली, की आपल्या आधीच्या साक्षीचे वृत्त छापून आल्याने आपला धंदा बसला. तेव्हा न्यायमूर्ती तारकुंडे यांनी त्याची साक्ष प्रसिद्ध करू नये असे तोंडी सांगितले. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले, नऊ न्यायमूर्ती बसले, आणि १९६६ मध्ये बहुमताने तो आदेश टिकला. बहुमताचा मुख्य निकाल साताऱ्याचे गजेंद्रगडकर यांचा, भिन्नमत न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे. साठ वर्षांपूर्वीचा हा वाद नेमका आपल्याच प्रश्नाचा आहे : साक्षीदाराचे नुकसान मोठे की लोकांचा जाणण्याचा हक्क मोठा. फरक एवढाच की तेव्हाचे वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जात होते.

खासगीपणाच्या बाजूने, तो मूलभूत हक्क ठरवणारा, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. त्यात न्यायमूर्ती कौल यांनी विस्मरणाच्या अधिकाराबद्दल, म्हणजे आपली जुनी माहिती लोकांच्या नजरेआड करून मागण्याच्या हक्काबद्दल, लिहिले, मात्र त्याला लोकहित, अभिव्यक्ती, कायदेशीर दावे असे अपवादही सांगितले. त्यानंतर उच्च न्यायालये एकमेकांना धरून चाललेली नाहीत. गुजरातने २०१७ मध्ये निर्दोष सुटलेल्या अर्जदाराला नकार दिला. त्याच वर्षी कर्नाटकाने एका वैवाहिक प्रकरणात अर्जदाराच्या मुलीचे नाव शीर्षकातून आणि इंटरनेटवरच्या शोधातून झाकायला सांगितले, पण कोणी प्रमाणित नक्कल मागितली तर त्यात नाव येईल असेही स्पष्ट केले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात नक्कल विभागाच्या खिडकीत आणि गुगलच्या खिडकीत फरक केला आहे. दिल्लीने २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका अमेरिकन नागरिकासाठी अंतरिम आदेश दिला : निकाल संकेतस्थळावर राहू द्या, पण शोधयंत्रातून तो सापडू नये असे करा. केरळने २०२२ मध्ये सांगितले की चालू खटल्यात विस्मरणाचा अधिकार मागता येणार नाही, मात्र कौटुंबिक प्रकरणांत पक्षकारांचा आग्रह असेल तर त्यांची ओळख प्रसिद्ध करू नये.

तुम्हाला सर्वांत जवळचे प्रकरण मद्रासचे. अपिलात निर्दोष ठरलेल्या माणसाची मागणी एकल न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये नाकारली. खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मान्य करून ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळाला निकाल उतरवायला सांगितले, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा त्या दिवशीचा रोख असा होता, की माणूस निर्दोष सुटला म्हणून सार्वजनिक दस्तऐवज असलेला निकालच उतरवा असे उच्च न्यायालय कसे सांगू शकते, याचे परिणाम फार दूरवर जातील. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीने, ज्याच्यावरची कारवाईच रद्द झाली अशा माणसाचे नाव अभिलेखात झाकण्याचा आदेश दिला. म्हणजे दार बंद नाही, पण किलकिले आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. न्यायदानासाठी न्यायालयांनी केलेली माहितीची हाताळणी त्यातल्या बहुतेक बंधनांतून वगळली आहे. आणि न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल छापणे हा स्वामित्व हक्काचा भंग होत नाही, असे १९५७ चा कॉपीराइट कायदाच सांगतो. त्यामुळे त्या संकेतस्थळाला चोर म्हणण्यात अर्थ नाही.

तीन लाख बारा हजार

वारणाकाठ यांच्याबद्दल मनात काही किल्मिष न ठेवता लिहितो, पण ठेवीदाराच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवे. माझ्या नावातला आकडा हा वडिलांच्या ठेवीचा आहे. ते एसटीतून निवृत्त झाले आणि मिळालेली रक्कम घरापासून चार दुकाने सोडून असलेल्या पतसंस्थेत ठेवली, कारण अध्यक्ष ओळखीचे होते. नंतर, सगळे झाल्यावर, मी त्या अध्यक्षांचे नाव इंटरनेटवर टाकून पाहिले. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत ते आधी संचालक होते आणि तिथल्या प्रकरणात त्यांचाच जामीन अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळल्याचा आदेश मला पाच मिनिटांत मिळाला. ती पाच मिनिटे मी वडिलांनी पैसे ठेवण्याआधी खर्च केली असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

उद्या त्या आदेशावर ‘क्ष विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे लिहिले गेले, तर पुढच्या ठेवीदाराने काय शोधायचे? निकालातले तत्त्व वकिलांना पुरते. सामान्य माणसाला नावच लागते. घर घेताना आपण बिल्डरचे नाव महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहतो, ते यासाठीच.

आणि एक अप्रिय प्रश्न. निर्दोष मुक्तता दोन प्रकारची असते हे कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘संशयाचा फायदा देऊन’ सुटणे आणि खरोखर संबंध नव्हता म्हणून सुटणे. फितूर साक्षीदारांमुळे सुटलेल्या माणसालाही नाव काढून मागता येणार का?

वारणाकाठ

प्रश्न अप्रिय असला तरी रास्त आहे, म्हणून रागावलो नाही. निकालाच्या परिच्छेद ६८ मध्ये न्यायाधीशांनी लिहिले आहे की वादातल्या अकरा व्हाउचरांवरील सह्या माझ्या नाहीत असे हस्ताक्षर तज्ज्ञाच्या अहवालावरून दिसते, आणि तो अहवाल तपास अधिकाऱ्यांकडे दोषारोपपत्राच्या आधीपासून होता. शेवटच्या हुकुमात मात्र ‘सबळ पुराव्याअभावी’ हाच छापील शब्दप्रयोग आहे, चौघांसाठी एकच. फरक कळायचा तर परिच्छेद ६८ वाचावा लागतो, आणि तो वाचता यावा हीच तर माझी तक्रार आहे.

तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटले. आमच्या संस्थेच्या दारातही तशीच माणसे पासबुक घेऊन उभी असत. खिडकीच्या आतल्या बाजूला मी होतो.

तीन लाख बारा हजार

परिच्छेद ६८ मला वाचायला आवडेल. शब्द मागे घेत नाही, पण जरा हळू म्हणायला हवे होते.

नाव नको

मी फक्त एक भर घालते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्यातला मजकूर छापणे बेकायदा आहे. दंड एक हजार रुपयांपर्यंत. पण त्याच कलमात उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, न्यायालयाच्या परवानगीने, छापता येतील असा अपवाद आहे. माझे प्रकरण कुटुंब न्यायालयात असेपर्यंत शेजाऱ्यांनाही कळले नाही. अपील झाले आणि माझ्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांच्या साक्षीसह, इंटरनेटवर आली. खालच्या न्यायालयात झाकलेले वरच्या न्यायालयात उघडे पडते, हे कोणत्या तर्काने? इथे ना ठेवीदार आहे, ना मतदार, ना ग्राहक. माझ्या शस्त्रक्रियेच्या तारखेत लोकहित कोणते?

लघुलेखिका, निवृत्त

चौतीस वर्षे जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलावर काय घडते ते सांगते, कारण नाव झाकायला सांगणे सोपे आहे आणि नाव झाकणे अवघड.

बलात्काराच्या आणि बाल लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेचे नाव लिहायचे नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. दंड संहितेचे जुने कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नावच नव्हे, तर जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट उघड करता येणार नाही. गंमत अशी, आणि वकीलसाहेबांना हे ठाऊक असेलच, की कायद्याच्या स्पष्टीकरणात उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणे गुन्ह्यातून वगळले आहे. तरी औचित्य म्हणून निकालातही ‘पीडिता’ असेच लिहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगून ठेवले आहे.

आता प्रत्यक्षात. शीर्षकात ‘पीडिता’ लिहिले. पहिल्या पानावर ‘पीडिता’ लिहिले. मग सरतपासणीचा, म्हणजे साक्षीदाराने आपल्याच वकिलाला दिलेल्या जबाबाचा, गोषवारा येतो आणि त्यात फिर्यादी आईचे पूर्ण नाव, ‘वय ३२, धंदा मजुरी, राहणार’ म्हणून वाडीचे नाव, आणि वयाच्या पुराव्यासाठी निशाणी २३ वर दाखल केलेला शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या नावासह. वाडीत सत्तर उंबरे. कोणाला कळायचे राहिले? आणि आरोपी मुलीचा चुलता किंवा बापच असला, तर त्याचे नाव लिहिले की तिचे नाव लिहिल्यासारखेच. तिथे आरोपीचे नाव झाकावे तर तीन लाख बारा हजार म्हणतात तो प्रश्न उभा राहतो.

एकदा आमच्याकडे एका निकालात नावांवर काळी पट्टी मारून पीडीएफ चढवली गेली. दोन दिवसांनी एका तरुण वकिलाने येऊन दाखवले की पट्टीवरून माउस ओढून मजकूर उचलला आणि दुसरीकडे चिकटवला की खालचे नाव जसेच्या तसे उमटते. पट्टी फक्त दिसायला होती. त्या दिवसापासून मी नाव मूळ फाइलमध्येच बदलून मग पीडीएफ करू लागले, पण हे करायला सांगणारे परिपत्रक नव्हते, शिकवणारे कोणी नव्हते, आणि निकाल जाहीर झाल्या दिवशीच चढवायचा असे. संध्याकाळी साडेसहाला चाळीस पानांतले प्रत्येक नाव, प्रत्येक गाव, प्रत्येक मोबाइल क्रमांक शोधत बसणारी व्यक्ती एकच असते आणि तिची शेवटची बस सातला असते.

नमुना बदलला की मात्र काम होते, हेही सांगते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षकारांची जात व धर्म लिहिण्याची पद्धत सगळ्या न्यायालयांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि जो रकाना वर्षानुवर्षे कोणी विचार न करता भरत होते तो एका कागदाने गेला. वैवाहिक प्रकरणात घराचा पत्ता, मुलाची शाळा, बँकेचा खाते क्रमांक आणि ‘नाव नको’ यांनी लिहिलेला वैद्यकीय तपशील निकालाच्या अंगात न लिहिता वेगळ्या बंद परिशिष्टात लिहायचा, एवढा नमुना बदलला तरी निम्मे रडगाणे संपेल. निकालाची कारणमीमांसा तारखेवाचून अडत नाही.

कागदपत्र

टोरांटोत विधी ग्रंथालयात काम करतो, शिक्षण आयएलएस विधी महाविद्यालय, पुणे. इकडचा एक किस्सा या चर्चेला फार लागू पडतो.

कॅनडातल्या वकिलांच्या संघटनांनी मिळून ‘कॅनली’ नावाचे मोफत संकेतस्थळ चालवले आहे. त्यावर निकाल नावांसकट असतात आणि तिथे जाऊन नाव टाकले तर सापडतात. मात्र गुगलसारख्या शोधयंत्रांना निकालांचा मजकूर चाळू दिला जात नाही. घराचे दार सताड उघडे आहे, पण गावात दवंडी पिटलेली नाही. मग रुमानियातून चालणाऱ्या ‘ग्लोब ट्वेंटीफोर एच’ नावाच्या संकेतस्थळाने हेच निकाल उतरवून घेतले, गुगलला मोकळे करून दिले, आणि घटस्फोट, दिवाळखोरी, स्थलांतर अशा प्रकरणांतल्या लोकांची नावे वर येऊ लागली. नाव काढून हवे तर पैसे भरा. २०१७ मध्ये इथल्या फेडरल न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. निकाल तेच, शब्द तेच. बदलली होती ती फक्त सापडण्याची वाट, आणि तेवढ्या बदलाने सार्वजनिक दस्तऐवजाचे खंडणीचे हत्यार झाले.

युरोपात वेगळी रीत आहे. जर्मनीत प्रसिद्ध होणाऱ्या निकालांतून नावे गाळण्याची जुनी परंपरा आहे, आणि लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने राष्ट्रीय न्यायालयांकडून अभिप्रायासाठी येणाऱ्या प्रकरणांत १ जुलै २०१८ पासून व्यक्तींच्या नावांऐवजी आद्याक्षरे घालायला सुरुवात केली. मला व्यक्तिशः ते जास्त वाटते. निकालाला माणसाचे नाव नसले की तो वाचणाऱ्याला कोड्यासारखा दिसू लागतो, आणि न्यायाधीशालाही समोर माणूस होता याचा हळूहळू विसर पडत असावा. हा केवळ ग्रंथपालाचा संशय आहे.

गुप्ततेने अब्रू वाचते असे सरसकट मानणाऱ्यांनी इंग्लंडचा १९१३ चा स्कॉट विरुद्ध स्कॉट खटला आठवावा. विवाह रद्द करण्याचा दावा, नवऱ्याच्या असमर्थतेचे कारण, सुनावणी बंद दाराआड. निकाल बाईंच्या बाजूने लागला. पण आपल्याबद्दल सासरी जे बोलले जात होते ते खोडून काढायला त्यांनी सुनावणीच्या लघुलेखाच्या प्रती सासऱ्यांना आणि नणंदेला धाडल्या, आणि त्याबद्दल त्यांनाच अवमानाखाली दोषी धरले गेले. तिथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो आदेश रद्द केला. खुल्या न्यायदानाच्या बाजूने जगभर ज्याचा आधार घेतात तो निकाल विवाह रद्द झालेल्या एका बाईला आपले खरे चारचौघांत सांगू देण्यासाठी झाला आहे. वारणाकाठ यांची स्थिती मला थेट तशी दिसते. त्यांना झाकायचे नाही, त्यांना दाखवायचे आहे.

निशाणी पाच

कागदपत्र यांनी शेवटी जे लिहिले ते मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. पक्षकार येऊन ‘नाव काढा’ म्हणाला की आम्ही वकील लगेच काढण्याच्या मागे लागतो.

आमच्याच उच्च न्यायालयाचा दुसऱ्या टोकाचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात कार्यपद्धती घालून दिली : नावांऐवजी अक्षरे, सुनावणी बंद दाराआड, आदेश संकेतस्थळावर चढवायचे नाहीत, परवानगीशिवाय निकाल प्रसिद्ध करायचा नाही. हेतू तक्रारदार बाईला जपण्याचा होता यात शंका नाही. पण नावे झाकल्यावर निकालही झाकायचा म्हणजे पुढच्या बाईच्या वकिलाने आधार कशाचा घ्यायचा, अशी टीका तेव्हाच झाली, आणि त्यात महिला वकील पुढे होत्या. त्याच आदेशातली पहिली अर्धी वाट बरोबर होती आणि दुसरी अर्धी चुकली, असे माझे मत आहे. नागपूरच्या लिपिकाचा निकाल तुम्हाला मिळाला नसता, ही तुमची भीती तिथे खरी झाली असती.

आता तुमच्या बाबतीत. निकाल किंवा आदेश उतरवा, अशी विनंती करू नका. मद्रास प्रकरणातल्या स्थगितीनंतर ती पहिल्याच तारखेला अडेल. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत मोजके मागा. एक, २०१४ चा आदेश नावाच्या शोधातून गुगलवर येऊ नये. दोन, आदेश जिथे आहे तिथे त्याच्या माथ्यावर मुक्ततेची नोंद आणि निकालाचा दुवा यावा. दुसऱ्या विनंतीसाठी माझ्याजवळ दाखला नाही, पण तिला विरोध करणे कोणालाही जड जाईल. जामिनाच्या आदेशात ‘हे निरीक्षण प्रथमदर्शनी असून खटल्यावर त्याचा परिणाम होऊ नये’ असे एक वाक्य जवळजवळ नेहमी असते. तुमच्या आदेशात ते असणार. खटल्याच्या न्यायाधीशावर परिणाम होऊ नये याची काळजी न्यायालयाने घेतली, मुलाखत घेणाऱ्या बाईंवर होईल हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आले नाही. याचिकेचा पहिला परिच्छेद त्या वाक्यापासून सुरू करा.

‘नाव नको’ यांचे प्रकरण वेगळे आणि त्यांची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम आहे. कायद्यानेच बंद ठेवलेली सुनावणी, केरळचा २०२२ चा निकाल हाताशी, आणि ‘न्यायालयाच्या परवानगीने’ हे कलम २२ मधले शब्द. ती परवानगी कोणी कधी मागितली होती का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारावा.

नाव नको

विचारते. हा मुद्दा मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. काल जिल्हा न्यायालयात जाऊन नकलेचा अर्ज दिला. अर्जात ‘नक्कल कोणत्या कारणासाठी हवी’ असा रकाना आहे. मी ‘दाखवण्यासाठी’ असे लिहिले. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले आणि ते खोडून ‘उच्च न्यायालयात दाखल करणेकामी’ असे लिहायला लावले.

माझे ठरले आहे ते असे : नाव राहू द्यायचे, आदेशही राहू द्यायचा, फक्त त्याची दवंडी थांबवायची आणि मुक्ततेचा निकाल वर आणायचा. तीन लाख बारा हजार यांनी मागितलेला परिच्छेद ६८ मी स्वतः टंकलिखित करत आहे. उरलेल्या तिघा सहकाऱ्यांची नावे त्यात आहेत, म्हणून आधी त्यांना विचारतो. एक जण हयात नाहीत, त्यांच्या मुलाला विचारीन.

एक शंका राहिली. निकाल एकशे बारा पानांचा आणि मराठीत आहे. याचिकेला जोडताना सगळ्याचा इंग्रजी अनुवाद द्यावा लागतो का?

निशाणी पाच

अनुवाद जोडावा लागेल. पण सगळा नको, आधी परिच्छेद ६८ आणि शेवटचा हुकूम करून घ्या. बाकीच्यासाठी सवलतीचा अर्ज देऊ. अनुवाद करणाऱ्यांना एवढे आवर्जून सांगा, की ‘सबळ पुराव्याअभावी’ हे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, त्यांना बरे वाटेल असे सुधारू नयेत.